दुधाचे दात नायट्रोजनमध्ये: ही सेवा कोकणातून घ्यावी का?

मुलाचा पडायला आलेला दुधाचा दात, तारा लावण्यासाठी काढलेली उपदाढ किंवा मोठ्या माणसाची अडकलेली अक्कलदाढ फेकून न देता लॅबकडे पाठवायची. तिथे दाताच्या आतल्या नसेतून मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या करून द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे १५० अंशांखाली गोठवतात. पुढे कधी मोठा आजार आलाच तर त्या कामी येतील, या भरवशावर आधी प्रक्रियेचे शुल्क आणि मग दरवर्षी साठवणुकीचे भाडे भरायचे. सेवा एवढीच.

निकाल आधीच सांगून टाकतो. दात काढण्यापासून पेशी गोठवण्यापर्यंतचे तंत्र खरे आहे, त्यात बनवाबनवी नाही. पण पैसे ज्या भरवशावर घेतले जातात तो आज सिद्ध झालेला नाही आणि भारतात ही साठवण व्यापारी तत्त्वावर करायला मुभाच नाही. पाचपैकी एक तारा, तोही तंत्राला.

मुभेचा मुद्दा आधी, कारण माहितीपत्रकात तो नेमका नसतो. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यापारी साठवणुकीला परवानगी आहे ती फक्त नाळेतल्या रक्ताच्या. नाळेची ऊती, वार, दात, मासिक पाळीचे रक्त हे पुढे स्वतःला उपयोगी पडेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे त्यात सरळ लिहिले आहे. परवाना विचारला की कंपनीचा माणूस फाइल उघडतो. आत कंपनीची नोंदणी असते, आयएसओचे प्रमाणपत्र असते, जीएसटी क्रमांक असतो. यातला एकही कागद दातातल्या पेशी साठवण्याचा परवाना नव्हे. कधी सीडीएससीओचा, म्हणजे केंद्रीय औषध नियामकाचा, खराखुरा परवानाही दाखवतात, पण तो नाळेच्या रक्ताचा निघतो. कागदावर कोणता पदार्थ लिहिला आहे ती ओळ बोट ठेवून वाचायची. तिथे दाताचे नाव नसेल तर पुढचे बोलणे चहापुरते ठेवा.

नाळेचे रक्त आणि दात यांची सरमिसळ विक्रीच्या बोलण्यात हमखास होते. नाळेच्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया अशा आजारांत त्यांचे प्रत्यारोपण होते आणि ते जगभर मान्य आहे. दाताच्या नसेतल्या पेशी वेगळ्या जातीच्या असतात, त्यांना मेसेन्कायमल म्हणतात. त्यांच्यापासून प्रयोगशाळेत हाड, चरबी, दाताचे डेंटिन, काही प्रमाणात चेतापेशींसारख्या पेशी घडवता येतात. रक्त त्या तयार करत नाहीत. त्यामुळे ‘थॅलेसेमियावर चालेल’ असे दाताच्या संदर्भात कोणी म्हणाले, की त्याला विषयच कळलेला नाही किंवा कळूनही तो रेटून सांगतो आहे.

मग विज्ञान आहे तरी कुठवर? दाढेच्या नसेत अशा पेशी असतात हे २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने दाखवले, दुधाच्या दाताबद्दल २००३ मध्ये. त्या दुसऱ्या कामातला एक आकडा कोणत्याच पत्रकात येत नाही: दुधाच्या एका पटाशीच्या दातातून वसाहत धरू शकणाऱ्या, म्हणजे एकीपासून वाढून पुंजका करणाऱ्या, पेशी मिळाल्या साधारण १२ ते २०. बारा ते वीस हजार नव्हेत, नुसत्या बारा ते वीस. त्या पुढे झपाट्याने वाढतात हे खरे, पण वाढवल्याशिवाय हाती काही नसते. प्रत्यक्ष रुग्णांवरचे सर्वात बोलके काम २०१८ चे, चीनमधले. मार लागून नस मेलेल्या पुढच्या कायमच्या दातात मुलाच्याच दुधाच्या सुळ्यातून वाढवलेल्या पेशी घातल्या आणि नस पुन्हा धरली, मुळाची वाढही पुढे सरकली. रुग्ण थोडेच होते, पण निष्कर्ष खरोखर चांगला. मात्र त्या पेशी वीस वर्षे टाकीत पडलेल्या नव्हत्या. मुलाचाच दात, काही आठवड्यांत त्याच मुलाला, तोही संशोधनाच्या चौकटीत. मधुमेह, पाठीच्या कण्याची दुखापत, हृदयविकार यांची पत्रकात येणारी यादी बहुतेक उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेली असते. आपल्याकडे मूळपेशींपासून केलेले उत्पादन २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांत ‘नवे औषध’ धरले जाते. म्हणजे उद्या पेशी बाहेर काढून कोणी डॉक्टर सहज टोचू शकेल असेही नाही.

‘ही संधी एकदाच येते’ हे वाक्य तर चक्क खोटे. दुधाचे दातच वीस असतात. ते गेले तर तारा लावताना बऱ्याचदा चार उपदाढा निघतात, पुढे अक्कलदाढा असतात आणि याच जातीच्या पेशी मोठेपणी अस्थिमज्जेतून किंवा चरबीतूनही मिळतात.

कोणता दात चालतो

इतके वाचूनही कोणाला ही वाट धरायची असेल, परदेशात राहणारे आईवडील सुट्टीत गावी आले असताना मुलाचा दात तिकडच्या बँकेला पाठवू पाहत असतील किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पाला दात द्यायचा असेल, तर पुढचे तपशील कामाचे.

सगळ्यात चांगला दात म्हणजे तारा लावण्यासाठी काढलेली पहिली उपदाढ. साधारण ११ ते १४ वर्षांचे मूल, कीड नाही, नस भरपूर, मूळ पूर्ण किंवा पूर्ण होत आलेले. शिवाय ती तशीही काढायचीच असते. दुधाच्या दातांत पटाशीचे दात आणि सुळे घेतात. मूळ किमान एक तृतीयांश शिल्लक हवे, म्हणून काढण्याआधी छोटा एक्स-रे. दुधाच्या दाढा सहसा नको म्हणतात, कारण एक तर त्यांना आपल्याकडे बऱ्याचदा कीड लागलेली असते आणि पडेपर्यंत आतली नस आक्रसून गेलेली असते. अक्कलदाढ चालते, पण अडकलेली दाढ ड्रिलने तुकडे करून काढावी लागली तर उष्णता आणि तोंडातले जंतू दोन्ही आत शिरतात. मूळ अर्धे ते दोन तृतीयांश तयार झाले असताना ती काढली तर पेशी जास्त मिळतात.

नको असलेले दात: नसेपर्यंत कीड गेलेला, रूट कॅनल किंवा लहान मुलांचे ‘अर्धे रूट कॅनल’ झालेला, हिरडीवर पू आलेला, मार लागून करडा पडलेला. दोन आठवडे एका धाग्यावर लोंबत राहिलेलाही नको, कारण रक्तपुरवठा तुटला की नस मरते. आपोआप पडून हातात आलेल्या दातात बऱ्याचदा वरची टोपीच उरलेली असते, आत पोकळी. तो कौलावर भिरकावला तरी विज्ञानाचे काही नुकसान नाही.

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्यायची. पेशी जिवंत मिळाव्यात म्हणून दात वेळेआधी काढण्याचा मोह होतो, आईवडिलांना आणि कमिशन मिळत असेल तर दवाखान्यालाही. दुधाचा सुळा लवकर काढला तर पुढचे दात त्या बाजूला सरकतात आणि मधली रेघ हलते. दुधाची दुसरी दाढ लवकर गेली तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते, मागून येणाऱ्या उपदाढेची जागा खाते आणि काही वर्षांनी तारांचा खर्च येतो. दात पडायला किती अवकाश आहे ते एक्स-रेत खालच्या कायमच्या दाताच्या वाढीवरून कळते. बँकेसाठी म्हणून निरोगी, घट्ट दात काढायला जो दवाखाना तयार होईल, तिथून उठून यावे.

खुर्चीवर

आधी दात घासून, मग ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने मिनिटभर चूळ. थुंकता न येणाऱ्या लहानग्याचा दात आणि हिरडी त्याच द्रावणाच्या कापसाने पुसतात. नेहमीची भूल चालते. भुलीत ॲड्रिनॅलिन असेल तर नसेतले रक्त थोडा वेळ कमी होते, त्यामुळे मुळाच्या टोकाशी नस फिकी दिसली म्हणून लगेच दात बाद करू नये. लालसर, ओलसर मांसल टोक दिसले की उत्तम. राखाडी, कोरडे, वास येणारे असेल तर पाठवण्यात अर्थ नाही आणि हे तिथल्या तिथे आईवडिलांना सांगायला हवे. अनेकदा सांगितले जात नाही, कारण लॅबने दिलेले किट उघडले की पैसे लागू होतात.

दात निघाल्यापासून बाटलीत जाईपर्यंत एक मिनिटही पुरे. निर्जंतुक सलाइनने धुवायचा, गॉजवर ठेवायचा नाही, हिरडीचे तुकडे खरवडत बसायचे नाही. मग किटमधल्या बाटलीत टाकायचा. तिच्यात बफर द्रावण आणि प्रतिजैविके असतात, बहुधा पेनिसिलीन, स्ट्रेप्टोमायसिन आणि बुरशीवर ॲम्फोटेरिसिन. दात पूर्ण बुडला पाहिजे. नळाच्या पाण्यात पेशी पाणी शोषून फुटतात, स्पिरिट आणि पेरॉक्साइड त्यांना जाळतात आणि फॉर्मॅलिनमध्ये, ज्यात डेंटलचे विद्यार्थी दात जमवतात, त्या कायमच्या मरतात. घरी अचानक निघालाच तर थंड दूध हा तात्पुरता आसरा आहे, पण दूध निर्जंतुक नसते. पुढे जंतुसंसर्गाची चाचणी बिघडली तर आश्चर्य नको.

खोका, गाडी, घाट

कोकणातून ही सेवा सर्वात जास्त अडखळते ती इथे. बाटली पोचण्याची मुदत सहसा ४८ तासांची असते आणि ती दात निघाल्यापासून मोजतात, कुरिअरवाल्याने खोका उचलल्यापासून नाही. बाटलीभोवतीचे तापमान २ ते ८ अंश हवे.

जेल पॅक डीप फ्रीझरमधून दगडासारखा काढून थेट बाटलीला चिकटवणे ही नेहमीची चूक. पॅक उणे १८ ला असतो. बाटलीतले द्रावण गोठते, बर्फाच्या सुया पेशी फोडतात आणि लॅबला पोचतो तो मेलेला दात, वर पोचपावती मिळतेच. पॅक बाहेर काढून त्याच्यावर घामासारखे पाणी सुटेपर्यंत थांबायचे, कागदात गुंडाळायचा आणि बाटली व पॅक यांच्यामध्ये पुठ्ठ्याची किंवा फोमची भिंत ठेवायची. उलट बाजूची चूक मे महिन्यातली: खोका कुरिअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर पडून राहतो, आतला पॅक संध्याकाळपर्यंत कोमट पाणी होतो. खोक्यात तापमान नोंदवणारा छोटा लॉगर नसेल, निदान रंग बदलणारी पट्टी नसेल, तर वाटेत काय झाले हे कोणालाच कधी कळणार नाही. किट हातात घेताना पहिले हेच बघा.

वेळेचे गणित असे. गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा ठिकाणी संध्याकाळी पाचला दात काढला तर त्या दिवसाचा माल आधीच निघून गेलेला असतो. खोका दुसऱ्या दिवशी चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला, तिथून रात्री मुंबई वा कोल्हापूरकडे. लॅब मुंबई-पुण्यात असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी दारात, म्हणजे ४० तास गेलेले. लॅब त्याहून लांब असेल तर मुदत संपलीच. शनिवारी दात काढणे म्हणजे पैसे पाण्यात. सोमवार ते बुधवार, सकाळी अकराच्या आत, हीच वेळ.

पावसाळ्यात हेही कोसळते. परशुराम घाटात दरड आली, आंबा घाट बंद झाला की गाडी कुठे थांबेल याला धरबंध नसतो. कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकात हळू धावते. २२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळूणचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. त्या आठवड्यात औषधे पोचत नव्हती, दाताचे काय घेऊन बसलात. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांनी गाड्या भरतात, गणपतीत चाकरमान्यांनी. नेमक्या याच सुट्ट्यांत मुंबईकर मुलांचे दात गावी काढले जातात. तारांसाठीची उपदाढ असेल तर घाई काहीच नसते, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा.

रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या घरच्या माणसाच्या हाती खोका देणे कुरिअरपेक्षा बरे, पण आधी लॅबची लेखी संमती घ्या. खोका कोणी, किती वाजता, कोणाच्या ताब्यात दिला याचा कागद नसेल तर काही लॅब नमुना नाकारतात. कुरिअरच्या खिडकीवर बाटलीतले द्रव बघून पार्सल नाकारले जाते तेही ध्यानात ठेवा. मानवी नमुन्याचे लेबल आणि लॅबचे पत्र खोक्याच्या बाहेर चिकटवलेले हवे.

लॅबमध्ये काय होते आणि काय विचारायचे

दात मानेपाशी गार पाण्याखाली कापतात, नस ओढून काढतात, कोलॅजिनेज आणि डिस्पेज या विकरांत ३७ अंशांवर तासभर विरघळवतात, गाळतात आणि उरलेल्या पेशी वाढवतात. मग गोठताना पेशींना जपणारे डीएमएसओ हे रसायन १० टक्के घालून मिनिटाला एक अंश या गतीने थंड करत नेतात आणि शेवटी द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवतात. टाकीला स्वतःला वीज लागत नाही, नायट्रोजन भरत राहावा लागतो. वीज लागते ती धोक्याच्या घंटेला आणि आपोआप भरणाऱ्या यंत्रणेला.

पहिला प्रश्न: साठवले काय? अख्खा दात, नुसती नस की वाढवलेल्या पेशी? अख्खा दात गोठवून ठेवणे स्वस्त पडते, पण आत जिवंत काही आहे की नाही हे वितळवेपर्यंत कळत नाही. वाढवलेल्या पेशी असतील तर किती कुप्या, प्रत्येकीत किती पेशी, कितव्या पिढीच्या, आणि सीडी ७३, सीडी ९०, सीडी १०५ या पेशींची जात ओळखण्याच्या खुणांची चाचणी झाली का. ‘९० टक्के जिवंत’ असा दाखला बहुधा गोठवण्याआधीचा असतो. एक कुपी वितळवून नंतर मोजलेला आकडा मागा आणि त्यातल्या किती पेशींनी वसाहत धरली तेही. मेलेल्या पेशींतच शिरणाऱ्या निळ्या रंगाने नुसते मोजलेले जिवंतपण पुरेसे नाही. पेशीचे आवरण शाबूत असले तरी ती वाढेलच असे नसते.

करारात तीन जागा वाचा. नमुना वाटेत खराब झाला तर पैसे परत की फक्त नवे किट? कंपनी बंद पडली तर नमुना कोणाकडे, कोणाच्या खर्चाने? मूल १८ वर्षांचे झाल्यावर मालकी कोणाची? दर सांगताना प्रक्रिया शुल्क एकटेच सांगतात. त्यात वीस वर्षांचे भाडे, जीएसटी, कुरिअर, रक्ततपासणी आणि नमुना परत मागितल्यावरचे शुल्क मिळवूनच विचार करा. त्या पैशांतला अगदी थोडा भाग सहाव्या वर्षी आलेल्या दाढांच्या खाचा सीलंटने भरायला आणि दर सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश लावायला वापरला, तर मुलाचे आहेत तेच दात टिकतात. हे कोणत्याही तालुक्याच्या गावी होते आणि घाटावर पार्सल पाठवावे लागत नाही.

ज्यांनी आधीच दात ठेवला आहे त्यांच्यासाठी

पुढचे वार्षिक बिल भरण्याआधी कंपनीला पत्र लिहा. नमुना क्रमांक, कुप्यांची संख्या, पेशींची मोजणी, जंतुसंसर्ग आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूचा अहवाल, टाकी कोणत्या पत्त्यावर आहे, आणि दातासाठीच्या परवान्याची प्रत, एवढे मागा. फोनवरचे उत्तर धरू नका. लेखी उत्तर येत नसेल किंवा परवान्याच्या जागी दुसराच कागद येत असेल तर पैसे परत मागता येतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला मुंबई किंवा चेन्नई गाठावी लागत नाही, करारात ‘वाद अमुक शहरातच’ किंवा ‘लवादाकडेच’ लिहिलेले असले तरी. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, म्हणून पत्र पोच घेऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती, किटवरचा क्रमांक आणि दवाखान्याने दिलेला दात काढल्याचा कागद एकत्र ठेवा.